वाचकांचे प्रश्न: बॅरिस्टर फिरोजशहा मेहता आणि मुंबईची महापालिका

गेल्या अंकात मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याविषयी लिहिताना फिरोजशहा मेहता यांचा उल्लेख आला होता. हा कायदा आजही लागू आहे आणि त्याच्या घडणीत एका वकील सदस्याचा फार मोठा वाटा होता, एवढेच त्या ठिकाणी म्हटले होते. त्यावर अनेक वाचकांनी सविस्तर माहिती विचारली आहे. त्यांपैकी काही प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे.

ठाण्याच्या एक शिक्षिका विचारतात: मुंबई महापालिकेच्या मुख्यालयासमोर फिरोजशहांचा पुतळा आहे. शाळेच्या पुस्तकात मात्र ते केवळ काँग्रेसचे मवाळ नेते म्हणून भेटतात. एवढा नामांकित बॅरिस्टर रस्ते, गटारे आणि पाणीपट्टीच्या कामात कसा काय पडला?

आपल्या प्रश्नाचे उत्तर १८६० च्या दशकातील मुंबईत सापडते. फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८६४ मध्ये ते एम. ए. झाले. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनी हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर होता यावे म्हणून दीड लाख रुपयांची देणगी देऊ केली होती आणि तिच्या आधारावर फिरोजशहा लंडनला गेले. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले, कापसाचे भाव कोसळले, मुंबईतील सट्टेबाजीचा फुगा फुटला आणि त्यात रुस्तमजींची संपत्तीही गेली. फिरोजशहांनी शिक्षण कसेबसे पूर्ण केले आणि १८६८ मध्ये लंडनच्या लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या संस्थेची सनद घेऊन ते परतले. उच्च न्यायालयात त्या वेळी इंग्रज बॅरिस्टरांचा वरचष्मा असल्यामुळे सुरुवातीची वर्षे कामाविना गेली. पुढे गुजरात आणि काठियावाडातील न्यायालयांत त्यांचा जम बसला व तेथील वकिलीनेच त्यांना आर्थिक स्थैर्य दिले. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे चार दशके शहराचे काम करताना त्यांना उपजीविकेसाठी महापालिकेकडे कधी पाहावे लागले नाही.

मुंबईत परतल्यावर शहराच्या कारभाराचा वाद त्यांच्यासमोर उभाच होता. १८६५ च्या कायद्याने शहराच्या कारभाराची देखरेख ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणवणाऱ्या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे दिली होती आणि सर्व कार्यकारी अधिकार सरकारने नेमलेल्या एका आयुक्ताकडे सोपवले होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते. त्यांनी बाजार बांधले, रस्ते आणि सांडपाण्याची कामे धडाक्याने हाती घेतली. त्यांच्या नावाची मंडई (आजची महात्मा फुले मंडई) मुंबईकरांना परिचित आहेच. परंतु खर्चाला हिशेबाची वेसण नव्हती. तेजीच्या दिवसांत खपून गेलेली उधळपट्टी मंदीत करदात्यांच्या अंगावर आली आणि १८७१ मध्ये मुंबईत करदात्यांचे मोठे आंदोलन पेटले. महापालिकेच्या प्रश्नात फिरोजशहा प्रथम उतरले ते या आंदोलनाच्या वेळी. तेव्हा त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

पुण्याचा एक विधी-विद्यार्थी विचारतो: १८७१ च्या वादात फिरोजशहांनी लोकपक्षाच्या विरुद्ध भूमिका घेतली होती, असे माझ्या वाचनात आले. हे खरे असेल तर त्यांना मुंबईच्या नागरी स्वराज्याचे जनक का म्हणायचे?

आपण वाचले ते खरे आहे आणि माझ्या मते त्यांच्या सबंध कारकिर्दीतील सर्वांत विचार करण्याजोगा प्रसंग हाच आहे. आंदोलनाचे नेते, त्यांत नवरोजी फर्दुनजींसारखे मातब्बर सुधारक होते, अशी मागणी करीत होते की आयुक्ताचे पदच नको, त्याच्या जागी सदस्यांच्या एका समितीने कारभार हाकावा. संतापलेल्या करदात्यांना ही मागणी पटणे स्वाभाविक होते. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये फिरोजशहांनी या विषयावर निबंध वाचला आणि श्रोत्यांची नाराजी पत्करून नेमकी उलट बाजू मांडली. त्यांचे म्हणणे असे होते की दोष एका माणसाच्या हाती कार्यकारी सत्ता असण्यात नसून त्याला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा अस्तित्वात नसण्यात आहे. जस्टिस मंडळ कोणाचेही प्रतिनिधी नव्हते, म्हणून त्यांच्या देखरेखीला धार नव्हती. समितीने कारभार केला तर चुकांचे उत्तरदायित्व कोणावरच निश्चित करता येणार नाही. म्हणून अंमलबजावणी एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी. पैसा, धोरण व देखरेख मात्र लोकनियुक्त सभेकडे असावी, असा त्यांचा आराखडा होता.

यात वकिली मनाची शिस्त दिसते. क्रॉफर्ड दोषी आहेत की नाहीत यावर शहर भांडत असताना त्यांनी कायद्याची रचना तपासली आणि व्यक्ती बदलल्यावरही जो दोष उरणार होता तो शोधून काढला. १८७२ च्या कायद्याने यातील बराच भाग मान्य केला. त्यानुसार ६४ सदस्यांची महापालिका झाली. त्यांतील ३२ करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडायचे होते आणि १६ सरकारने नेमायचे होते. एका मोठ्या हिंदी शहराच्या सभेत निम्मे सदस्य मतदानाने येणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. फिरोजशहा या नव्या सभेचे प्रारंभापासूनचे सदस्य होते आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिच्या कामाशी ते बांधलेले राहिले. १८८४ आणि १८८५ अशी लागोपाठ दोन वर्षे ते अध्यक्ष होते आणि पुढे १९०५ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले. मुख्यालयाच्या इमारतीची कोनशिला लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर १८८४ मध्ये बसवली गेली, ती त्यांच्या पहिल्या अध्यक्षपदाच्या वर्षात.

त्यांची खरी कसोटी मात्र १८८७-८८ मध्ये लागली. सरकारने मुंबईसाठी नवे विधेयक आणले, तेव्हा त्याच्या मसुद्यात आयुक्ताला सभेपासून जवळजवळ स्वतंत्र करण्याचा कल स्पष्ट होता. कायदेमंडळात त्या वेळी फिरोजशहा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे दोघे वकील सदस्य होते व दोघेही महापालिकेचे अनुभवी सभासद होते. १८७१ मध्ये एकट्या आयुक्ताच्या बाजूने बोललेला माणूस आता आयुक्ताला सभेच्या चौकटीत बसवण्यासाठी कलमाकलमाला झगडू लागला. काहींना यात विसंगती दिसते. मला ती दिसत नाही, कारण दोन्ही वेळी त्यांची भूमिका एकच होती: काम एकाने करावे आणि हिशेब सभेने घ्यावा. पहिल्या वेळी लोक या तत्त्वाचा पूर्वार्ध पुसायला निघाले होते, दुसऱ्या वेळी सरकार उत्तरार्ध पुसायला निघाले होते.

परिणामी १८८८ च्या कायद्याच्या ६४ व्या कलमात शहराचा नागरी कारभार महापालिकेकडे निहित असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले गेले आणि त्याच कलमात कायद्याच्या अंमलबजावणीची कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे ठेवली गेली. आर्थिक देखरेखीसाठी स्थायी समिती आली. महापालिकेची सदस्यसंख्या ७२ झाली, त्यांपैकी ३६ करदात्यांचे प्रतिनिधी होते. महाराष्ट्रातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्याचा सांगाडाही हाच आहे. नाशिक, सोलापूर किंवा कोल्हापूरच्या सभागृहात आज आयुक्त आणि नगरसेवक यांच्यात अधिकारांवरून जे वाद होतात, त्यांची चौकट त्या मसुद्यावरील वादातून आली आहे.

या रचनेत बदल करण्याचा एक प्रयत्न आपल्याच काळात झाला. १९९८ मध्ये मुंबईत महापौर परिषदेची पद्धत आणून कार्यकारी सत्ता निवडून आलेल्या मंडळाकडे देण्यात आली, पण ती वर्षभरातच गुंडाळावी लागली. त्याच्या उलट टोकाचा अनुभव मार्च २०२२ नंतर आला. सदस्यांची मुदत संपली, निवडणूक लांबली आणि महापालिका, स्थायी समिती व आयुक्त या तिन्हींचे अधिकार काही वर्षे एका प्रशासकाच्या हाती एकवटले. अर्थसंकल्प मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. १८७१ चा निबंध याच स्थितीविरुद्ध लिहिलेला होता. म्हणून तो आज राज्यशास्त्राच्या आणि विधीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा, असे मला मनापासून वाटते.

दादरचे एक निवृत्त महापालिका कर्मचारी लिहितात: आम्ही नोकरीत असताना ‘पोलीस खर्चाच्या बदल्यात शाळा आल्या’ असे जुने लोक सांगत. यात तथ्य आहे काय, आणि त्यात फिरोजशहांचा संबंध होता काय?

तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या पोलीस दलाच्या खर्चाचा मोठा भार शहराच्या करदात्यांवर होता, पण त्या दलावर महापालिकेचे कोणतेही नियंत्रण नव्हते. पोलीस आयुक्त सरकारला जबाबदार, आणि बिल मात्र महापालिकेकडे. ज्या खात्यावर आपला अधिकार नाही त्याचा खर्च आपल्या माथी नको, ही महापालिकेची तक्रार फिरोजशहांनी सभागृहात आणि कायदेमंडळात वर्षानुवर्षे लावून धरली. अखेरीस १९०७ च्या कायद्याने तडजोड झाली. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, वैद्यकीय मदत व लसीकरण यांची जबाबदारी महापालिकेने स्वीकारली. मुंबईत महापालिकेच्या शाळांचे आणि रुग्णालयांचे एवढे मोठे जाळे का आहे, याचे एक महत्त्वाचे कारण या अदलाबदलीत आहे. गिरणगावातील कामगारांची मुले पुढे ज्या मराठी, गुजराती, उर्दू शाळांत शिकली, त्यांच्या खर्चाची व्यवस्था अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या हिशेबी वादातून उभी राहिली. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून त्याची नोंद आवर्जून घेतली पाहिजे.

प्रत्येक लढाई त्यांनी जिंकली असे मात्र नाही. १८९६ च्या प्लेगनंतर सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि नवे रस्ते, वस्त्यांची पुनर्रचना ही कामे महापालिकेच्या हातून काढून या वेगळ्या मंडळाकडे दिली. शहर एक आणि त्याचे नियोजन करणाऱ्या संस्था दोन, त्यांतील एक लोकांना उत्तर न देणारी, हे फिरोजशहांना मान्य नव्हते. त्यांचा विरोध फळाला आला नाही. ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला तो १९३३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर १८ वर्षांनी. आज मुंबईत एकाच रस्त्याच्या दोन टोकांची मालकी दोन प्राधिकरणांकडे असल्याचे आपण पाहतो, तेव्हा त्यांचा आक्षेप किती मूलभूत होता ते लक्षात येते.

रत्नागिरीहून एका वाचकाने विचारले आहे: फिरोजशहांना महापालिकेच्या निवडणुकीत पराभव पत्करावा लागला होता असे म्हणतात. ते कसे घडले?

ही घटना १९०७ ची. तीन दशकांहून अधिक काळ सभागृहावर एका माणसाचा प्रभाव राहिला, म्हणजे विरोधकही तयार होणारच. त्या वर्षी अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने, आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोवॅट फ्रेझर यांच्या साथीने, फिरोजशहांना महापालिकेबाहेर ठेवण्यासाठी एक गट बांधला गेला. त्या काळच्या वृत्तपत्रांत हा गट ‘कॉकस’ या नावाने गाजला. जस्टिसांनी निवडायच्या १६ जागांसाठी या गटाने आपली ठरावीक यादी पुढे केली आणि मोजणीत फिरोजशहा १७ वे आले. उच्चपदस्थ सरकारी अधिकाऱ्यांनी स्थानिक निवडणुकीत असा उघड भाग घेतल्याबद्दल शहरात मोठा संताप व्यक्त झाला. पुढे निवडून आलेल्यांपैकी एका सदस्याचा महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असल्याचे निष्पन्न झाले, तो अपात्र ठरला आणि ती जागा फिरोजशहांना मिळाली. कंत्राटदाराने सभासद असू नये ही तरतूद १८८८ च्या ज्या कायद्यात होती, त्याच्या घडणीत त्यांचा स्वतःचा वाटा होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

कोल्हापूरच्या एका कार्यकर्त्यांचा आक्षेप: ज्या निवडणुकीत श्रीमंतच मतदार होते, तिचे एवढे कौतुक का करावे?

आपला आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून फिरोजशहांविषयी लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७२ च्या कायद्यात मताचा अधिकार वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यांपुरता होता. चाळीत राहणारा गिरणी कामगार, हमाल, भंगी कामगार यांना त्या सभागृहात स्थान नव्हते आणि त्यांच्या वस्त्यांना पाणी व सफाई मिळण्यासाठी धनिकांच्या सद्भावनेवर अवलंबून राहावे लागे. फिरोजशहांनी ही भिंत पाडण्याची चळवळ केली नाही. शिकलेल्या व कर भरणाऱ्या वर्गाने शहर चालवावे, असाच त्यांचा व त्यांच्या पिढीच्या मवाळ नेत्यांचा विश्वास होता. भाडेकरूंपर्यंत मताधिकार पोहोचला तो १९२२ मध्ये, आणि सर्व प्रौढांना मत मिळाले ते १९४८ च्या निवडणुकीत. तरीही एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. मताधिकार विस्तारत गेला तेव्हा नव्या प्रतिनिधींना सरकारी सल्लागार मंडळ नव्हे तर प्रत्यक्ष अधिकार असलेली सभा मिळाली, आणि ते अधिकार त्या सभेकडे राहावेत म्हणून आधीच्या पिढीतील काही वकिलांनी परिश्रम घेतले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहिल्या गेल्या पाहिजेत.

नाशिकचे एक तरुण वकील लिहितात: माझी सात वर्षांची वकिली आहे आणि मित्रमंडळी महापालिकेची निवडणूक लढवण्याचा आग्रह करीत आहेत. निवडून आल्यास सनद स्थगित करावी लागेल काय? आणि फिरोजशहांच्या कारकिर्दीतून माझ्यासारख्याने प्रत्यक्षात काय घ्यावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आपल्याला ठाऊक आहेच. खासदार आणि आमदार या नियमाखाली येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. नगरसेवकाला मिळते ते मानधन, पगार नव्हे. त्यामुळे केवळ नगरसेवक झाल्याने आपली सनद स्थगित होण्याचे कारण दिसत नाही. परंतु एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी लागेल. ज्या प्रकरणात महापालिकेचा किंवा आयुक्तांचा संबंध आहे, त्यात नगरसेवक असताना व्यावसायिक काम स्वीकारल्यास पद गमावण्याची वेळ येते आणि ही अट आपण ज्या फर्ममध्ये भागीदार आहात तिलाही लागू होते. महापालिकेच्या कंत्राटातील प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आणि कराची थकबाकी यांबाबतही अर्ज भरण्यापूर्वीच खात्री करून घ्या. बांधकाम परवानग्या, मालमत्ता कर, अतिक्रमण अशा विषयांची प्रकरणे आपल्याकडे असतील तर ती सोडण्याची तयारी आधीच ठेवावी. यामुळे आपल्या उत्पन्नात किती घट होईल याचा हिशेब घरातील मंडळींसमवेत बसून करा. फिरोजशहांना हा प्रश्न फारसा जाणवला नाही, कारण त्यांची मोठी वकिली मुंबईबाहेर होती. ज्याची सर्व वकिली एकाच शहरात आहे, त्याला तो जाणवणार.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे आहे की वकिलाला न्यायालयात लागलेली सर्वच वळणे सभागृहात उपयोगी पडत नाहीत. न्यायालयात समोरच्या पक्षकाराला हरवायचे असते. सभागृहात आज विरोधात बोलणाऱ्या सदस्याचे मत उद्याच्या ठरावाला लागते आणि आयुक्त तर सतत समोर असणारच. फिरोजशहांचा आवाज दणदणीत होता, त्यांची उपहासाची धार प्रसिद्ध होती आणि तिने शत्रूही निर्माण केले. १९०७ चा प्रसंग त्याचाच एक परिणाम होता. त्यांच्याकडून वक्तृत्वापेक्षा तयारी घ्यावी. विधेयकाचे प्रत्येक कलम, अर्थसंकल्पाचे प्रत्येक शीर्षक वाचून सभेत जाण्याची त्यांची रीत होती, आणि प्रश्न सोडवताना ते प्रथम अधिकार कोणाचा आहे हे तपासत.

म्हणून उमेदवारीचा निर्णय घेण्यापूर्वी तीन महिने एवढे करून पाहा. १९४९ च्या कायद्यातील महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त यांच्या अधिकारांची प्रकरणे, खटल्याची कागदपत्रे वाचतो तशी टिपणे काढीत वाचून काढा. आपल्या महापालिकेचा गेल्या दोन वर्षांचा अर्थसंकल्प आणि लेखापरीक्षण अहवाल मिळवा. प्रभागातील रस्ता, पाणी व शाळा यांवर मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांचा ताळा घ्या. सर्वसाधारण सभा नागरिकांना पाहता येते, तिथे प्रेक्षकांच्या जागी बसून काही सभा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. ठराव कोणत्या टप्प्यावर अडतो, दुरुस्ती सुचवणाऱ्याचे म्हणणे इतिवृत्तात कसे नोंदले जाते, अधिकारी उत्तर देताना कोणत्या नियमाचा आधार घेतात, हे पाहून ठेवा. यानंतरही या कामात आपले मन लागत असेल तर अवश्य उभे राहा. आणि प्रचाराच्या पत्रकात काय लिहावे याविषयी शंका असेल, तर त्या ताळ्यातून हाती आलेले आपल्या प्रभागाचे आकडेच मतदारांसमोर ठेवा.